खळीने चिकटवलेलं लुगडं

इकडे ये बघू, अशी जवळ सरक. आणि तो फोन आधी पालथा घाल. सख्खी नसले तरी मला आजी म्हणतेस, आणि हायडेलबर्गच्या लॅबमधून कोलोनला यायला तुला आठ महिने सवड मिळाली नाही, पण जयंतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहून माझ्यावर हसायला बरी सवड होती! "आजींनी म्युझियममधल्या उघड्या बायकांना साड्या नेसवल्या" असं कुणीतरी म्हणालं आणि तू तोंडासमोर कागदी ताट धरून फिदीफिदी हसलीस. पाहिलं मी. पोरी, साड्या नव्हत्या गं, एकच तुकडा होता. बायकाही नव्हत्या, एकच बाई होती. आणि हसण्यासारखं त्यात काहीसुद्धा नव्हतं. बोलायला बसले की तू "हो आजी, गेनाऊ आजी" करत मान डोलावून सटकतेस, म्हणून लिहूनच काढते. कागदापुढून कशी सटकतेस बघते.

आमची वरची म्हातारी तुला आठवत असेल, तिसऱ्या मजल्यावरची. जिन्यात भेटली की तुझ्या ओढणीला हात लावून "श्योन, श्योन", छान छान, करायची ती. बाई वाईट नव्हे. मागच्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते, मुलगा बॉनला ऑफिसात, सून तिच्या कामावर, तेव्हा ही गुडघे धरत खाली उतरून मला सूप देऊन जायची. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मला तिची शिसारी आली, आणि जिच्या हातचं सूप प्यायले तिची शिसारी येणं हे काय असतं ते तुला अजून माहीत नाही.

ती आल्टेनहाइमला, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला निघाली होती. तळघरातला अडगळीचा केलर रिकामा करत होती. एक दिवस मला वर बोलावलं, प्लमचा केक कापला, कॉफी ओतली, आणि टेबलावर एक जाडजूड अल्बम आणून ठेवला. कातडी पाठ, कोपऱ्यांना पितळ. म्हणाली, "माझ्या ओपाचा, आजोबाचा. तो दक्षिण समुद्रात होता, नारळाच्या मळ्यावर. तुझ्या सुनेला दे, तिच्या म्युझियमला उपयोग होईल."

माझ्या सुनेचं काम तुला ठाऊक आहे, पण नीट ठाऊक नसेल. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला समुद्रात सांडल्यासारखी बेटं आहेत, मेलानेशिया म्हणतात. त्यातल्या काहींवर एकेकाळी जर्मनांचं राज्य होतं. तेव्हा त्यांनी तिथले जे फोटो काढून आणले, ते साफ करायचे, त्यांची यादी करायची आणि तिथल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना दाखवायचे, हे तिचं काम. लोक म्हणतात, किती छान काम! छान कसलं. दर संध्याकाळी ती घरी येऊन आधी कोपरापर्यंत हात धुते. मला वाटायचं, धूळ असेल.

तर म्हातारीने अल्बम उघडला. उघडल्याबरोबर वास आला, ओल लागलेल्या पुठ्ठ्याचा आणि कशाचा तरी आंबूस. बोट जिभेला लावून ती पानं उलटत होती. मी बाइंडरची बायको. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या गिऱ्हाइकाला आमचे हे दुकानातून हात धरून बाहेर काढायचे. इथे तर केकचं लोणीही होतं त्या बोटाला.

पहिली पानं मात्र, काय सांगू, डोळे निवले. शाकारलेली लांबच लांब घरं. एका बाजूला आडवा ओंडका बांधलेल्या होड्या. एका फोटोत कंदांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा रचलेला, आणि मी ओळखले ते, कोनफळं गं! आपली कोनफळंच. एक बाई चालली होती, तिच्या कपाळाला जाळीच्या पिशवीचा बंद, पिशवी पाठीवर, आणि पिशवीत मूल झोपलेलं. दुसऱ्या दोघी नारळ खवत बसलेल्या, त्यातली एक दुसरीला काहीतरी सांगत होती आणि दुसरी ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. मी म्हटलं, ही माझी धाकटी जाऊ.

मग पानं बदलली. पांढरी चादर बांधून तिच्यासमोर माणसं उभी केलेली. एकदा समोरून, एकदा बाजूने. शेजारी उंची मोजायची काठी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. आपण दवाखान्यात कपडे काढून उभे असतो आणि डॉक्टर दुसऱ्याशी बोलत असतो, तेव्हा आपण चेहऱ्यावरून निघून जातो ना, तसं. म्हातारी प्रत्येक फोटोवर लोण्याचं बोट ठेवून सांगत होती. "हा बघ, हा माणसं खायचा!" आणि हसली. त्या माणसाच्या तोंडावर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. "ओपाचा फार जीव होता हं ह्यांच्यावर," ती म्हणाली. एका फोटोत ओपा स्वतः होता. पांढरा सूट, आणि एका लहान मुलाच्या डोक्यावर हात, बाजारात कलिंगड बघताना ठेवतात तसा.

आणि मग ती बाई.

उघडी. कमरेला गवताचा घागरा, बाकी काही नाही. छातीवर, खांद्यावर, पोटावर खुणा कोरलेल्या, ओळींवर ओळी. शेजारी ती काठी. आणि फोटोच्या कडेतून एक हात आत आलेला. फक्त हात. पांढरी बाही, मनगटाला बटण लावलेलं, आणि त्या हाताने तिची हनुवटी धरून वर केलेली. खाली शाईने लिहिलेलं, ते म्हातारीने वाचून दाखवलं. बाई, पूर्ण वाढलेली. पुढे उंचीचा आकडा. बस्स. बैलबाजारात दात बघतात तसं. नाव नाही, गाव नाही, काही नाही.

मी हातातला केक बशीत परत ठेवला. म्हातारी विचारत होती, "अजून एक तुकडा?"

अल्बम छातीशी धरून खाली आले. आमच्या वस्तीत मी लहान असताना एक साहेब कॅमेरा घेऊन आला होता, ते सगळं पोटातून वर आलं. माझी आई विहिरीच्या कामावर दगड वाहत होती. तिने पदर तोंडावर ओढला तर तो म्हणाला, "पदर काढ, पदर काढ, तोंड दिसू दे." मुकादमाने काढायला लावला. फोटो काढून तो गेला, आम्हाला कधी दिसला नाही. कुठल्या कपाटात पडलाय, कोण थुंकी लावून पान उलटतंय, कुणास ठाऊक. आपल्या आया-आज्यांना लुगडं गुडघ्याच्या वर खोचूनच वावरावं लागायचं, आणि अंगभर नेसा, मानाने नेसा, हे त्यांना कुणी शिकवलं ते तुला सांगायला नको. ते कानावर पडलं त्या दिवसापासून माझ्या आईच्या पायाची पोटरी कुणी पाहिली नाही. अंगभर कपडा म्हणजे माणूस होणं. आमच्या घरात ह्याच्यावर दुसरं मत नव्हतं.

सून चार दिवस हॅम्बुर्गला मीटिंगला गेली होती. मी फोनवर अल्बमचं सांगितलं तर ती केवढी हरखली. म्हणाली, "अहो आई, पुढच्या मंगळवारी त्याच किनाऱ्यावरची एक बाई येतेय म्युझियमला. तिची पणजी त्या मळ्यावर कामाला होती, घरात तिचा एकही फोटो नाही. ह्या अल्बममध्ये ती असेल कदाचित! तो कपाटात ठेवा, आणि प्लीज, हात लावू नका."

आता बाइंडरच्या बायकोला सांगायचं, पुस्तकाला हात लावू नको! मी कपाटात ठेवला. पण रात्रंदिवस एकच. हजारो कोसांवरून लेक येणार, पणजीला बघायला, आणि तिला दिसणार काय? हे? तो हात, तो आकडा, ती उघडी? पणतीने पणजीला असं बघायचं? माझ्या आईचा तो फोटो उद्या तुझ्यासमोर आला तर मला काय वाटेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खळ शिजवली.

तुला खळ ठाऊक नसणार. तुम्ही सगळं ट्यूबमधून पिळता. अमरावतीला आमच्या ह्यांचं बाइंडिंगचं दुकान, आणि खळ माझ्याकडे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण दुकानात येणारे छापील कागदांचे फर्मे दुमडता दुमडता अक्षरं जुळवायला शिकले, हे तुला दहादा सांगून झालंय. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर एकाच दिशेने ढवळायचं, काचेसारखी पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. इथे मोरचूद कुठला? मी चार लवंगा कुटून घातल्या. माझ्या हातच्या खळीने चिकटवलेली पुस्तकं अजून शाळांच्या कपाटांत उभी असतील. म्हणजे मी काही येड्यासारखं केलं नाही गं. मी जे आयुष्यभर नीट केलं तेच नीट केलं.

आईच्या पांढऱ्या लुगड्याचा एक तुकडा माझ्या पेटीत असतो. गोधडीत घालायचा म्हणून आणलेला, पण कात्री लावायचा धीर कधी झाला नाही. त्या दिवशी झाला. खांद्यावरून पदर येईल असा बेतून कापला, घड्या घालून, पायघोळ. खाली काठाची एक निळी रेघ राहील असा. ब्रशने पातळ खळ लावली, अलगद बसवला, वर कोरा कागद, त्यावर पोळपाट, त्यावर मसूर डाळीच्या दोन बरण्या. दाब दिला.

दुपारी पोळपाट उचलून पाहिलं. बाई पांढरं लुगडं नेसून उभी. मी तिच्याशी बोलले. म्हटलं, "बरं वाटतंय ना आता, बाई?" रडले पण थोडी. आणि नंतर छान जेवले.

सून आली. हात धुतले, पांढरे हातमोजे घातले, अल्बम उघडला. एकेक पान उलटत गेली आणि त्या पानावर थांबली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच, कोटांच्या खुंट्यांखाली, फरशीवर बसली.

"आई, हे काय केलंत?"

"नेसवलं."

"आई…"

"ती पणती येणार ना? तिने तिला तशी बघायची होती का?"

"आल्झो, आई, हा फोटो आपला नाही हो. तुमचा नाही, माझा नाही, वरच्या म्हातारीचाही नाही." मग तिने पान नाकाजवळ नेलं. "ह्यात काय घातलंत?"

"लवंग."

मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "आई, तू पण ना! वेलदोडा राहिला." सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाल्कनीत गेला.

दुसऱ्या दिवशी म्युझियममधली कागद दुरुस्त करणारी बाई तो फोटो घेऊन बसली. सून मला सोबत घेऊन गेली, मीच म्हटलं, मी येणार. त्या बाईनेही आधी वासच घेतला आणि म्हणाली, "ह्याला ख्रिसमसचा वास कसा?" इथे त्या सणाच्या केकात लवंग घालतात ना. मग ओल्या कापसाच्या काडीने एकेक धागा सोडवत बसली, अर्धा दिवस. मी समोरच्या स्टुलावर. मनात म्हणत होते, सुटेल. मैद्याची खळ आहे, पाण्याने सुटतेच, कितीदा सोडवलीये मी. पण मी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची खळ सोडवली होती, फोटोची नाही. जुन्या फोटोत चित्र असतं ते कागदावर नुसतं साईसारखं बसलेलं असतं. लुगडं सुटलं, आणि साय लुगड्याला चिकटून आली. छाती, खांदा, पोट, सगळ्या ओळी कापडाच्या उलट्या बाजूला लागल्या आणि चुरा होऊन पडल्या. चेहरा राहिला. काठी राहिली. तो हात राहिला, बटणासकट. आणि मधे पांढरं भोक, लुगड्याच्या आकाराचं.

मला माझ्या बोटांची घाण वाटली. वरच्या म्हातारीच्या लोणी लागलेल्या बोटाची वाटली होती ना, त्याच्या दुप्पट. तिचा नुसता ठसा उमटला होता.

मंगळवारी ती पाहुणी आली. सून म्हणाली, "तुम्ही नका येऊ आई, मी सांगते तिला." मी म्हटलं, माझं नेसवणं मीच सांगणार. सुनेच्याच वयाची, शाळेत शिकवते म्हणे. अंगात घोळदार फुलाफुलांचा झगा, पायघोळ, माझ्या आईने पसंत केला असता असा. आणि खांद्याला जाळीची पिशवी, फोटोतल्यासारखीच. पहिली पानं बघताना ती हसत होती, होड्यांची, घरांची नावं सांगत होती, नारळ खवणाऱ्यांपैकी एक तिच्या काकूसारखी दिसते म्हणाली. सून भराभर लिहून घेत होती. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

मग ते पान. तिने हात पुढे केला आणि फोटोच्या वर, न टेकवता, त्या भोकावर धरला.

"हे कुणी केलं?" इंग्रजीत. एवढं मला कळतं. सुनेने तोंड उघडलं, त्याआधीच मी म्हटलं, "मी." आणि मग सुनेला म्हटलं, "सांग हिला, हिला पणजीला उघडं बघावं लागू नये म्हणून."

सुनेने सांगितलं. पाहुणी माझ्याकडे वळली. रागावली होती, पण आवाज चढवला नाही. एकेक वाक्य बोलायची आणि सुनेकडे बघायची, की हिला नीट सांग.

"ती उघडी नव्हती. अंगावरच्या ह्या ओळी तिच्या आईच्या घरच्या असतात. प्रत्येक घराच्या वेगळ्या. पणजीच्या ओळी कशा होत्या ते माझ्या आजीने मला वाळूत काढून दाखवलंय. चेहरा मी ओळखत नाही, मी तिला पाहिलेलं नाही. ओळी असत्या तर मी आत्ता सांगितलं असतं, ही माझी की दुसऱ्या कुणाची."

मी खाली बघत होते. मग तिने बोट ठेवलं, त्या पांढऱ्या बाहीवर. "आणि ह्याला तसंच ठेवलंत? ह्याने कपडे घातले होते म्हणून?"

पोरी, सुनेला हे मराठीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. मला सांगायची गरज नव्हती, बोट दिसत होतं. तीन दिवस त्या फोटोसमोर बसले होते मी. कात्री माझ्या हातात, कापड माझ्या हातात. त्या हाताला झाकावं, त्या काठीला झाकावं, आकड्यावर चिकटवावं, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. घाण त्या हाताची होती आणि मी पुसायला गेले तिला.

कपाळाला घाम आला, मी स्वेटरची बाही वर केली. तेव्हा तिला माझ्या डाव्या हातावरचं गोंदण दिसलं. तू पाहिलंयस ते. तिने हात लावला नाही, विचारलंही सरळच, "हे काय काय आहे?"

मी सांगायला लागले. हा विंचू, चावू नये म्हणून. हे पाच ठिपके, आम्ही पाच भावंडं. ही फणी, सासरी सोबत म्हणून. आणि मग दोन राहिले. एक शिडीसारखं, त्याला वर दोन शिंगं. आणि मनगटाच्या आत एक, चौकोनात फुली आणि बाहेर तीन टिंबं. मला आठवेना. मी सात वर्षांची असताना गोंदणारणीने काढले. पुढे दीक्षा घेऊन आपण सगळं जुनं, देवांसकट, नदीत सोडलं, तेव्हा आई म्हणाली, ह्याचा अर्थ आता विचारायचा नाही, बाही खाली ठेव. मी ठेवली. सत्तर वर्षं. त्याबद्दल मी आईला दोष देत नाही. पण पाहुणी थांबली होती, पेन्सिल हातात धरून, आणि मी आपली शिडीकडे बघतेय.

"घरी कुणाला तरी विचारा," ती म्हणाली. माफी दिली वगैरे काही नाही, आणि मी मागितलीही नाही. तिने उरलेल्या फोटोंच्या प्रती घेतल्या. त्या फोटोचीही घेतली, भोकासकट. म्हणाली, गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवते, कानाच्या ठेवणीवरून कुणी ओळखलं तर ओळखलं. अजून काही कळवलेलं नाही तिने. सून रोज मेल बघते, आणि मी रोज सुनेचं तोंड बघते. सुनेला म्युझियमच्या वरिष्ठांना लेखी खुलासा द्यावा लागला, माझ्यामुळे. आता ती कामातलं काही घरी आणत नाही. "आई, जेवलात का?" एवढं विचारते, प्रेमाने विचारते, पण तेवढंच.

वरच्या म्हातारीला एकदा भेटून आले आल्टेनहाइममध्ये. सूप घेऊन गेले, आपलं, जिऱ्याचं. तिने विचारलं, "ओपाचे फोटो आवडले का त्यांना?" तिचे हात माझ्या हातावर होते, मऊ, क्रीम लावलेले. ते मला काढून घ्यावेसे वाटले आणि मी काढून घेतले नाहीत. ट्राममध्ये बसल्यावर रुमालाने हात पुसत बसले, तिचे पुसत होते की माझे, कळेना.

आता तुला हे सगळं का सांगितलं, ऐक. तुझी सख्खी आजी अजून गावी आहे, आमच्याच वऱ्हाडातली, माझ्याहून मोठी, आणि तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे हे तूच मला सांगितलंस. तिला फोन कर. आज कर, लॅबचं काम कुठे पळत नाही. ती शिडी, वर दोन शिंगं, आणि तो फुलीचा चौकोन तिच्या हातावर आहे का विचार. असेल तर काय म्हणायचे त्याला, कशासाठी काढायचे, सगळं विचार. ती म्हणेल, कशाला गं जुनं उकरतेस. तरी विचार. फोटो पाठव म्हणू नकोस तिला, आधी नुसतं सांगू दे.

आणि मग इथे येऊन मला सांग. फोनवर नको, तू बोट ठेवून मला दाखवायला हवंस. ह्या शनिवारी जमलं तर ह्या शनिवारी, गाड्या उशिराने धावतात तर सकाळची पकड. कोनफळ मिळतं आफ्रिकन दुकानात, भाजी करून ठेवते. लवकर ये गं.